मनुष्यपद वजा करून

मंगळवार, तीन डिसेंबर, सकाळी सहा वाजून बारा मिनिटे. उमाकांत बुरगुटेने गाडीतला कोड तिसऱ्यांदा पुसला.

पुसायला चार सेकंद लागले. स्टिअरिंगखालच्या खोबणीत काडेपेटीएवढा स्कॅनर बसवलेला होता आणि तो काय वाचतो ते मोबाइलवर दिसत होते. पडद्यावर 'इतर ०४१७' अशी एकच ओळ होती. तिच्याखाली 'पुसा' आणि 'राहू द्या' अशी दोन बटणे. उमाकांतने पहिले दाबले. डॅशबोर्डवरचा पिवळा दिवा विझला.

"झालं?" रत्नमालाने बाहेरून विचारले. तिच्या एका हातात मुलींच्या हजेरीची वही होती, दुसऱ्या हातात डबा.

"झालं. बस."

"काय होतं?"

"इतर."

"इतर म्हणजे?"

"म्हणजे इंजिन नाही. आणखी कायतरी असंल. परत आला तर बघू."

"तुमचं हे परत आला तर बघू मी लग्नापासून ऐकतेय," रत्नमाला म्हणाली आणि गाडीत बसली. सहा पंधराला गाडी फाटकाबाहेर पडली. परांडा रस्त्यावरच्या चार वाड्यांमधून नऊ मुली गोळा करायच्या आणि त्यांना सात पस्तीसपर्यंत बार्शीच्या शाळेत पोचवायचे, दुपारी परत. हे काम रत्नमाला चौदा वर्षे करत होती. या रस्त्याला एसटी दिवसातून दोनदा येई, आणि दोन्ही वेळा शाळेच्या उपयोगाची नव्हती.

उमाकांत एका खासगी बस कंपनीच्या वर्कशॉपमध्ये सत्तावीस वर्षे होता. पाठीच्या मणक्याने साथ सोडली तेव्हा घरी बसला. वर्कशॉपमधला एक रिवाज मात्र त्याच्याबरोबर घरी आला होता. गाडीत दोषाचा कोड दिसला की आधी तो पुसायचा, मग गाडी फिरवायची. परत आला तर दोष खरा, नाही आला तर तारेत ओल असेल, उंदीर असेल, काहीही असेल. शंभरातले सत्तर कोड परत येत नसत. ज्याने हा रिवाज पाळला नाही त्याने सत्तर वेळा बस उगाच उघडली. रिवाजाचा दुसरा भाग असा, की तिसऱ्यांदा पुसल्यावर हातातले यंत्र बदलायचे. दोन वेळा गाडीवर शंका घ्यावी, तिसऱ्या वेळी आपल्या यंत्रावर.

उमाकांतने आपल्या वहीत तारीख लिहिली. आधीच्या दोन तारखा वर होत्याच, पाच ऑगस्ट आणि अठ्ठावीस ऑक्टोबर.

मग तो नवा स्कॅनर बघायला निघाला.

घरगुती स्कॅनर ही तोवर मिक्सरइतकी साधी वस्तू झाली होती. त्याचे कारण 'तारगाड्या'. या गाड्यांमध्ये स्टिअरिंग आणि चाके यांना जोडणारा लोखंडी दांडा नसतो. चालक चाक फिरवतो, त्याचा संदेश तारेतून संगणकाकडे जातो आणि संगणक पुढची चाके वळवतो. ब्रेकचेही तसेच. गाडी स्वस्त झाली, हलकी झाली, पण बिघाड डोळ्यांना दिसेनासा झाला. तो फक्त कोडच्या रूपाने समोर येई आणि कोड वाचायला कंपनीच्या केंद्रात जावे लागे. लोकांनी तक्रारी केल्या, दावे लावले, आणि अखेर मालकाला आपल्या गाडीतले सगळे वाचण्याचा हक्क मिळाला. वर्षभरात बाजारात पन्नास तऱ्हेचे स्कॅनर आले.

दुकानात शेटे सर भेटले. ते उमाकांतच्या गल्लीतले निवृत्त भूगोल शिक्षक. कोणतीही वस्तू घेण्याआधी सहा महिने चौकशी करायची आणि मग ती घ्यायची नाही, हा त्यांचा लौकिक.

"उमाकांतराव, तुम्ही आलात बरं झालं. मी यांना विचारतोय, हा आणि हा यात फरक काय, तर म्हणतात रंग."

"सर, काडेपेटीवाला फक्त इंजिनाचं नीट वाचतो. बाकी सगळ्याला इतर म्हणतो. माझ्याकडं तोच आहे."

"मग तुम्ही इथं कशाला?"

"इतर काय ते बघायला."

उमाकांतने तीन यंत्रे काउंटरवर मांडायला लावली आणि सरांना सांगता सांगता स्वतःशीही पडताळून घेतले. पहिले, काडेपेटीवाले. स्वस्त, पण कोड उमटला त्या क्षणी गाडीत काय चालले होते त्याची नोंद ते दाखवत नाही, म्हणजे पंचनाम्याशिवाय नुसती तक्रार. दुसऱ्याला स्वतःचा पडदा होता. ते ब्रेक आणि एअरबॅग वाचे, नोंदही दाखवे, पण दर वर्षी कंपनीला वर्गणी द्या, नाही दिली तर मुके. तिसरे होते 'पूर्णवाचक'. सगळ्या जातीचे कोड वाचणारे, मराठी पुस्तिका सोबत. त्यातही एक महाग आणि एक परवडणारे. परवडणाऱ्याचे वाचन दोन टक्क्यांनी इकडे-तिकडे होऊ शकते, असे डब्यावर बारीक अक्षरात छापले होते.

"दोन टक्के म्हणजे काहीच नाही," शेटे सर म्हणाले. "आमच्या नकाशात गावंच्या गावं इकडची तिकडं असायची."

उमाकांतने परवडणारे घेतले. सर कुठलेच न घेता घरी गेले.

गुरुवारी दुपारी, मुलींना सोडून गाडी परत आल्यावर, त्याने पूर्णवाचक गाडीला जोडला. कोड पुसलेला असल्याने दोषांच्या पानावर काही नव्हते. पुस्तिकेत त्याने ०४१७ शोधला. पुस्तिकेत कोडच्या जाती दिल्या होत्या. पी म्हणजे इंजिन, सी म्हणजे चाके आणि ब्रेक, बी म्हणजे गाडीचा सांगाडा, यू म्हणजे आतल्या संगणकांचे आपसातले बोलणे. हे त्याला पाठ होते. शेवटी एक नवी जात होती, एच. त्यात ०४१७ होता आणि समोर लिहिले होते: 'मनुष्यपद मर्यादेबाहेर.'

त्याने ते दोनदा वाचले. पुस्तिकेच्या मागे लेखिकेचे नाव होते, डॉ. शहनाझ बागवान, नियंत्रण अभियांत्रिकी, सोलापूर. खाली फोन क्रमांक आणि 'शंका असल्यास चार ते पाच'. उमाकांतने चारला फोन लावला.

"मॅडम, बार्शीहून बुरगुटे बोलतोय. गाडी तीन वर्षांची. एच-०४१७. हा कुठला पार्ट?"

पलीकडून प्रश्न आला. "गाडी कोण चालवतं?"

"मिसेस."

"तुम्ही?"

"मी चालवत नाही. मी दुरुस्त करतो."

"बरं. बुरगुटेसाहेब, बार्शीला आडत आहे ना? तुरीचं पोतं काट्यावर ठेवलं की बारदान वजा करतात."

"करतात. जरा जास्तच करतात."

"तेच इथं आहे. गाडी डावीकडे ओढली गेली, तर दोष चाकाच्या मोटरचा की हात उशिरा फिरला? संगणकाला हे कळायचं तर हात नेहमी किती वेळात फिरतो, बोटं किती हलतात, पाय ब्रेकवर किती सारखा दाबतो, हे त्याला नेमकं माहीत पाहिजे. ते वजा केलं की उरतो तो गाडीचा दोष. गाडीच्या समीकरणात माणसासाठी एक पद असतं. त्याला आम्ही मनुष्यपद म्हणतो. पहिले हजार किलोमीटर गाडी ते शिकते, मग रोज त्याच्याशी ताडून बघते."

"म्हणजे माणूस हे बारदान."

"गाडीच्या दृष्टीनं. आता बारदानाचंच वजन बदलायला लागलं तर गाडी सांगणार ना? तो हा कोड. यात गाडीचा पार्ट कुठलाच नाही."

उमाकांत गाडीत चालकाच्या जागी बसला होता. त्याने समोर पाहिले. फाटक, फाटकाला अडकवलेली दुधाची पिशवी.

"त्या क्षणाची नोंद असेल ना तुमच्याकडे?" डॉ. बागवान विचारत होत्या. "आणि आधीचं मनुष्यपद? तीन वर्षांचं असेल. डॉक्टरला ते फार उपयोगाचं आहे. मी पण डॉक्टर आहे, पण त्या अर्थानं नाही."

"पुसलं."

"काय पुसलं?"

"कोड. आधी पुसायचा, मग फिरवायचा. आमच्यात तसंच करतात."

"एच कोड पुसला की मागचं सगळं पद जातं. गाडी समजते, चालक नवा आहे. मग ती आजच्या माणसालाच खरा माणूस धरून पहिल्यापासून शिकते. किती वेळा?"

"तीनदा."

"तारखा आठवतात?"

"लिहिल्यात. पाच ऑगस्ट, अठ्ठावीस ऑक्टोबर, तीन डिसेंबर."

पलीकडे कागदावर पेन चालल्याचा आवाज आला. "हा कोड ठरावीक फरक पडला की येतो. तुम्ही पुसलात, गाडीनं खालच्या पायरीवरच्या माणसाला खरं धरलं, आणि तिथून पुन्हा तेवढाच फरक पडला तेव्हा पुन्हा कोड आला. पहिली पायरी तीन वर्षांत केव्हातरी. दुसरी चौऱ्याऐंशी दिवसांत. तिसरी छत्तीस दिवसांत."

उमाकांतने हा हिशेब वहीत लिहिला. अक्षर नेहमीसारखेच आले.

"पण गाडी तर झकास चालवते ती," तो म्हणाला. "कुठं घासली नाही, कुणी तक्रार नाही."

"पूर्णवाचकात 'भरपाई' नावाचं पान आहे. ते उघडा. हे पान पुसलं जात नाही, ते सुरक्षेच्या भागात असतं."

त्याने उघडले. आकडा सांगितला. अडतीस.

भरपाई म्हणजे काय ते डॉ. बागवान यांनी सावकाश सांगितले. हात उशिरा फिरला तर गाडी तेवढा उशीर भरून काढते. बोटे थरथरली तर थरथर गाळून टाकते. पाय कमी दाबला गेला तर ब्रेक पुरा लावते. चालकाला यातले काही जाणवत नाही, जाणवू नये अशीच रचना आहे. पन्नाशी ओलांडलेल्या धडधाकट माणसाची भरपाई दहा-अकरा टक्के असते. गाडी ती पन्नासपर्यंत वाढवू शकते. त्यापुढे नाही, कारण अर्ध्याहून जास्त गाडीने चालवले तर कायद्याने गाडीच चालक ठरते, आणि या गाडीला तसा परवाना नाही.

"पन्नासला काय होतं? बंद पडते?"

"नाही. पन्नासवर थांबते. त्यानंतर जी घसरण होईल ती सरळ चाकांवर उतरते."

"मॅडम, तुमची किती आहे भरपाई?"

"मी पाहिलेली नाही," डॉ. बागवान म्हणाल्या.

शुक्रवारी आणि शनिवारी रत्नमाला नऊ मुलींना घेऊन गेली आणि घेऊन आली. उमाकांत दोन्ही दिवस तिच्याशेजारी बसून गेला. पाठ दुखत असताना हे कशाला, असे तिने विचारले. सहज, म्हणाला. गाडी रुळावर धावावी तशी धावत होती. एका वळणावर कुत्रे आडवे आले आणि ब्रेक असा लागला की मागे एका मुलीची पेन्सिलसुद्धा पडली नाही. त्यातले किती रत्नमालाने लावले आणि किती गाडीने, हे त्याला कळायला मार्ग नव्हता. त्याने हजेरीची वही चाळली. जूनमध्ये मुलींची नावे ओळभर उंचीची होती. नोव्हेंबरमध्ये तीच नावे मुंग्यांएवढी झाली होती. ही वही रोज त्याच्या समोरच्या खुंटीला टांगलेली असे.

रविवारी सकाळी, पोहे खाऊन झाल्यावर, त्याने सांगितले. तारखा सांगितल्या, अडतीस सांगितले, पुसल्याचे सांगितले. वर्कशॉपमध्ये साहेबाला अहवाल देत असे त्या क्रमाने सांगितले.

रत्नमालाने ऐकून घेतले. ताटल्या उचलल्या, मोरीत ठेवल्या, परत येऊन बसली.

"तीनदा पुसलंत."

"हं."

"एकदा विचारावं तरी."

"मला काय माहीत तुझा आहे म्हणून."

"माझा नसता तर बघितला असता." ती हसली नाही, चिडलीही नाही. "मला गाडीबाहेर पाय जड वाटतो. दिवाळीपासून. गाडीत बसलं की काहीच होत नाही. मला वाटायचं बसल्यामुळं बरं वाटतंय."

"डॉक्टरकडं जाऊ."

"जाऊ. आधी मला बघायचंय. ते भरपाईचं बंद करता येतं?"

करता येत होते. पूर्णवाचकात दुरुस्तीसाठी एक सोय होती, दहा मिनिटे भरपाई बंद. वेग वीसच्या वर जाऊ देत नसे. बंद पडलेल्या सूतगिरणीच्या मैदानात उमाकांतने आठ विटा उभ्या करून वाकडीतिकडी ओळ लावली. वर्कशॉपमध्ये नव्या ड्रायव्हरची परीक्षा अशीच घेत.

पहिली फेरी भरपाईसह. एकही वीट हलली नाही.

"झालं," रत्नमाला खिडकीतून म्हणाली. "आता काढा."

त्याने बंद केली. गाडी निघाली तशीच निघाली. पहिली वीट चुकवली. दुसरीला मागचे चाक लागले. तिसरीपाशी गाडी आधी वळलीच नाही आणि मग एकदम वळली. उमाकांत मैदानाच्या कडेला उभा राहून मोजत होता. आठपैकी पाच पडल्या, एक चाकाखाली फुटली.

रत्नमाला उतरली. चालत मागे गेली आणि फुटलेल्या विटेपाशी उभी राहिली. तिचा उजवा हात चालताना हलत नव्हता, अंगाला टांगलेला होता. हेही उमाकांतला तेव्हा पहिल्यांदा दिसले.

"ही मी," ती म्हणाली.

"सवय नाही ना तुला. एकदम बंद केल्यावर कुणाचंही—"

"तुम्ही बसा बरं."

तो बसला. पाठीतून कळ गेली. चार वर्षांनी स्टिअरिंग हातात होते, भरपाई बंद होती. त्याची एक वीट पडली. रत्नमालाने ती उचलून बाजूला ठेवली आणि म्हणाली, "चला. जेवण राहिलंय."

बुधवारी सोलापूरला मज्जातंतूंच्या डॉक्टरांनी तिला चालायला लावले, बोटे आपटायला लावली, एक वाक्य लिहायला लावले. कंपवाताची शक्यता आहे, म्हणाले. किती वेगाने वाढतो आहे ते सांगता येत नाही, आधीची मोजमापे असती तर सांगता आले असते. तीन तारखांवरून अंदाज बांधणार नाही. गाडी नव्याने शिकते आहे ना, मग हजार किलोमीटर पूर्ण झाले की ती नोंद घेऊन या. गोळ्या अर्ध्या मात्रेने सुरू केल्या.

"म्हणजे चालवू?" रत्नमालाने विचारले.

"ते मी कसं सांगू? नोंद हवी तर चालवावी लागेल. सुरक्षित आहे का म्हणाल, तर गाडी म्हणतेय की आहे."

गाडी खरेच तसे म्हणत होती. डॅशबोर्डवर हिरवा दिवा होता आणि त्याखाली 'दोष नाही'.

त्या संध्याकाळी रत्नमालाने मुलींच्या पालकांना घरी बोलावले. आठ घरांपैकी सात घरचे आले. तिने काही लपवले नाही. मी उद्यापासून येत नाही, दुसरी सोय बघा, एवढेच तिला सांगायचे होते. उमाकांतने भरपाई निम्म्यापर्यंतच चालते हे सांगून आकडा सांगितला. पालकांनी तो शांतपणे ऐकला. मग सोनारवाडीचे भागवत गवसाने बोलले, त्यांच्या दोन मुली या गाडीत होत्या.

"ताई, दुसरी सोय म्हणजे तो टमटमवाला. त्याची भरपाई निघंल आठ टक्के. पण सकाळी साडेसहाला त्याच्या तोंडाला वास येतो, तो कुठल्या यंत्रात दिसतो?"

"भागवत, माझ्या हातून काही झालं तर?"

"तुमच्या हातून कुठं? गाडीच्या हातून." कुणीतरी हसले. भागवत हसले नाहीत. "मी काय म्हणतो, निम्म्यापर्यंत गाडी सांभाळते ना? मग निम्म्यापर्यंत या. वार्षिक परीक्षा होऊ द्या. मागल्या वर्षी गाडी पंधरा दिवस बंद होती, तर माझी थोरली घरी बसली ती कायमचीच बसायची होती. आमच्या वडलांनी तिचं स्थळसुद्धा बघून ठेवलेलं."

एका आईने विचारले, निम्मे म्हणजे नक्की किती. पन्नास, उमाकांत म्हणाला. मग पंचेचाळीसला थांबा, ती म्हणाली. बाजारात भाव ठरतो तसे ते ठरले. सातही जणांनी वहीत सह्या केल्या आणि गेले.

या सुमारास बार्शीतल्या दुकानांमध्ये पूर्णवाचक मिळेनासे झाले. गाडीसाठी म्हणून कुणी घेत नव्हते. शेटे सरांनीसुद्धा एक घेतले, पहिल्याच चौकशीत, आणि सून माहेरी गेलेली असताना तिच्या गाडीला लावून पाहिले. लग्नाच्या बैठकीत मुलाकडच्यांनी मुलीचे मनुष्यपद मागितल्याचे उमाकांतच्या कानावर आले. मुलीकडच्यांनी मुलाचे मागितले, तेव्हा बोलणी फिसकटली. लोक उमाकांतला रस्त्यात थांबवून कोणता स्कॅनर घेऊ म्हणून विचारत. काडेपेटीवाला घ्या, तो सांगे. इंजिनाचे नीट वाचतो.

रत्नमालाने एकच अट घातली. "आकडा मला सांगू नका. तो डोक्यात असला तर मी तोच चालवीन, गाडी नाही. पंचेचाळीस दिसला की किल्ली काढून घ्या. वाद घालणार नाही."

तेव्हापासून रोज सकाळी सहाला उमाकांत शेजारच्या जागेवर बसून पूर्णवाचक जोडे, पान उघडे, आकडा वाचे, वहीत लिही आणि मान हलवी. मग ती किल्ली फिरवी. सोळा तारखेला एकोणचाळीस होते. एकोणीसला एक्केचाळीस. चोवीसला त्रेचाळीस, सव्वीसलाही त्रेचाळीस. गाडीचे नवे शिकणे सातशे ऐंशी किलोमीटरवर आले होते. हजाराला दोनशे वीस बाकी, म्हणजे आणखी पाच दिवस. त्याने डॉ. बागवान यांना फोन करून विचारले, की गोळ्यांनी आकडा उतरेल का.

"उतरू शकतो. आणि एक गोष्ट सांगू का, मी माझी भरपाई पाहिली."

"किती?"

"परवा पाहिली," त्या म्हणाल्या, आणि पुढे परीक्षेच्या पेपरांचे काहीतरी बोलू लागल्या.

शनिवार, अठ्ठावीस डिसेंबर. शाळा दहा मिनिटे लवकर भरणार होती, म्हणून गाडी सहा पाचला काढायची होती. थंडी बरीच होती. रत्नमालाने शाल घेतली होती. डावा हात स्टिअरिंगवर होता, उजवा किल्लीवर. उमाकांतने पान उघडले.

पंचेचाळीस.

त्याने यंत्र काढून पुन्हा जोडले. चव्वेचाळीस. पुन्हा. सेहेचाळीस. चौथ्यांदा वाचले तेव्हा पुन्हा पंचेचाळीस आले. डॅशबोर्डवर हिरवा दिवा होता.

"काय ओ?" रत्नमाला म्हणाली. ती समोर फाटकाकडे पाहत होती, त्याच्याकडे नाही. "आज वेळ लागतोय."

"थंडीनं. पडदा हळू चालतोय."

"बरं."

तिने विचारले नाही. किल्लीवरचा हात काढलाही नाही, फिरवलाही नाही. त्याच्या वहीत तारीख लिहून झाली होती आणि तिच्यापुढची जागा मोकळी होती.

सहा वाजून अठरा मिनिटांनी उमाकांतचा फोन वाजला. भागवत गवसाने होते. सोनारवाडीच्या थांब्यावर चार मुली उभ्या होत्या, पहिला तास गणिताच्या चाचणीचा होता.

"गाडी निघाली का, उमाकांतराव?"

"अजून नाही," उमाकांत म्हणाला.